हंगामाची अखेर

अर्धापुरात बेसबॉल पाहणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. शिकागोत संध्याकाळी सात वाजता सामना सुरू होतो, तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. रस्त्यावर केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांची लगबग चालू असते, नमाजासाठी गेलेले शेजारी मशिदीतून परतत असतात, आणि मी चहाचा पेला समोर ठेवून, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून, सातासमुद्रापलीकडच्या एका मैदानावर कोण कसा चेंडू फेकतो ते पाहत असतो. पत्नीने या छंदाला 'यांची पहाटेची प्रार्थना' असे नाव फार पूर्वीच देऊन टाकले आहे. त्यातली बोच मला कळते; पण सेवानिवृत्त शिक्षकाला एखादे खूळ असावेच, नाहीतर तो घरच्यांना शिकवू लागतो.

हे खूळ मला लागले २०१६ च्या उन्हाळ्यात. माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. आधी मुंबई, मग आखात आणि शेवटी शिकागो असा तिचा प्रवास झाला. शाळेला सुट्टी लागल्यावर तिच्या आग्रहाखातर मी दीड महिना तिच्याकडे राहून आलो. भाचा तेव्हा बारा वर्षांचा होता. तो त्याच्या संघाचा पिचर, म्हणजे आपल्याकडच्या गोलंदाजासारखा चेंडू फेकणारा. फरक एवढाच, की गोलंदाज सहा चेंडूंनंतर चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन विसावतो. पिचर मात्र एकामागून एक येणाऱ्या फलंदाजांना एकटाच सामोरा जातो.

एका शनिवारी त्याचा सामना पाहायला गेलो. मैदानाच्या कडेला एक बाई हातात छोटेसे मोजयंत्र घेऊन बसल्या होत्या. भाच्याने चेंडू फेकला, की त्या अंगठ्याने कळ दाबत. मला वाटले, धावा मोजत असाव्यात. पण धावा होतच नव्हत्या, आणि त्यांची कळ मात्र दाबली जात होती. ८५ चेंडू झाले, समोरच्या फलंदाजाचा निकाल लागला, आणि भाच्याला फेकीच्या उंचवट्यावरून खाली उतरवण्यात आले. त्याचा संघ पुढे होता. फलंदाजांना त्याचा चेंडू दिसत नव्हता. पोरगा रडत आईजवळ आला. मी बहिणीला म्हणालो, "हा काय अन्याय?"

"दादा, बारा वर्षांच्या मुलाला दिवसात ८५ च्या वर चेंडू टाकता येत नाहीत. ६६ किंवा जास्त झाले, की पुढे चार दिवस विश्रांती. नियमच आहे."

लिटल लीग ही मुलांच्या बेसबॉलची संघटना. तिने २००७ पासून चेंडूंची ही मोजदाद लागू केली. मी तेव्हा हसलो होतो, हे मला लख्ख आठवते. आपल्याकडे पोरे सकाळी आठला मैदानात जातात ती दिवेलागणीला परततात, त्यांचे हात काही गळून पडत नाहीत, असे काहीसे मी बोललो. बहिणीने उत्तर दिले नाही. दवाखान्यात तिने काय काय पाहिले असेल, हे विचारण्याचे तेव्हा मला सुचले नाही.

परत आलो तो शिकागो कब्स या संघाचा चाहता होऊनच. त्याच वर्षी या संघाने १०८ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली. सातवा आणि निर्णायक सामना आमच्याकडे ३ नोव्हेंबरच्या पहाटे सुरू झाला. त्या सामन्यातली एक गोष्ट पुढे मला फार छळणार होती. अरोल्डिस चॅपमन हा विलक्षण वेगाने चेंडू फेकणारा गडी. त्याने पाचव्या सामन्यात ४२ चेंडू टाकले होते. सहाव्यात संघ पाच धावांनी पुढे असतानाही त्याला पुन्हा आणले गेले. तेव्हा आणखी २० चेंडू टाकले. सातव्यात तो आठव्या डावात उतरला तेव्हा त्याचा चेंडू वेगवान होता, पण त्यात जीव नव्हता. बघता बघता धावा झाल्या, मग रजाई डेव्हिसने चेंडू कुंपणापार टोलवला आणि तीन धावांची आघाडी संपली. पुढे पाऊस आला, सतरा मिनिटे खेळ थांबला, आणि दहाव्या डावात कब्स जिंकले. विजयाच्या आनंदात चॅपमनचा थकवा सगळे विसरले. मीही विसरलो. तो तरी अठ्ठावीस वर्षांचा, मुरलेला माणूस होता.

तरुण खेळाडूंचे वेगळे असते. बेसबॉलचा मोठा हंगाम मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि एकेक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोजच. अमेरिकेतील महाविद्यालयाचा संघ नेमक्या हंगामात फार तर ५६ सामने खेळतो. तिथून आलेला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा एप्रिल-मे महिन्यांत असा खेळतो, की वर्तमानपत्रांना विशेषणे पुरत नाहीत. ऑगस्ट संपत येतो आणि काहीतरी बिघडते. डोळ्यांना सहज दिसणारे काही नसते. बॅट निमिषभर उशिरा येते. गुडघ्याच्या उंचीला पडणारा चेंडू कमरेला येऊ लागतो. मुलगा तितकीच मेहनत करतो, किंबहुना जास्तच करतो, आणि प्रत्येक मेहनतीने आणखी खाली जातो. पहाटेच्या अंधारात अशी कितीतरी मुले मी पाहिली आहेत. 'याचे लक्ष उडाले', 'याच्या डोक्यात हवा गेली', असे निवाडेही मी अर्धापुरात बसून दिले आहेत. शिक्षकाच्या तोंडी असे निवाडे तयारच असतात.

आता माझ्या मुलाविषयी सांगतो.

तो वेगवान गोलंदाज होता. २०१८ साली तो सोळा वर्षांचा होता. आमच्या मराठवाड्यातल्या मुलांना क्रिकेटचे स्वप्न दुरून पाहावे लागते. निवड चाचण्या पुण्याकडे, चांगली मैदाने पुण्याकडे. २०२४ च्या फेब्रुवारीत बीडच्या सचिन धसने एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ९६ धावा काढल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी फटाके उडवले. २०१८ मध्ये असे ताजे उदाहरण डोळ्यांपुढे नव्हते. होती ती केवळ माझी महत्त्वाकांक्षा. तिला मी 'मुलाची आवड' म्हणत असे.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये झाली. पण खेळ फेब्रुवारीतही थांबला नव्हता. शाळेचे सामने, नांदेडला क्लबचे सामने, मग उन्हाळ्यातल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धा. या स्पर्धा आमच्या भागात गावोगाव भरतात. आठ-आठ षटकांचे सामने, कर्णा, मंडप, ट्रॉफी आणि रोख बक्षीस. चांगल्या गोलंदाजाला दोन-दोन गावांचे संघ बोलावतात. मुलगा नाही म्हणत नसे. मी त्याला मोटारसायकलवरून घेऊन जाई आणि रात्री एका वहीत त्याचे बळी लिहून ठेवी.

एप्रिलच्या मध्यापासून त्याचा डावा हात चेंडू टाकताना लवकर खाली पडू लागला. यॉर्कर टाकायला जावे आणि फुलटॉस पडावा, असे होऊ लागले. तो सकाळी उशिरा उठे, जेवताना गप्प असे. मी म्हणालो, "मोबाइल कमी कर." मे महिन्यात एका गावी सकाळी उपान्त्य सामना आणि दुपारी अंतिम सामना होता. ऊन असे, की मंडपाची दोरी हाताला चटके देत होती. दोन सामन्यांच्या मध्ये तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाबा, पाठ जरा धरली आहे."

मी म्हणालो, "सगळ्यांचीच धरते. दोन षटकांचा तर प्रश्न आहे."

त्याने ती दोन षटके टाकली. सामना जिंकला. रात्री घरी आल्यावर त्याला बुटांच्या नाड्या सोडण्यासाठी वाकता येईना. त्याच्या आईने जमिनीवर बसून त्या सोडल्या. तिने माझ्याकडे वर पाहिले नाही.

नांदेडला तपासणी झाली. कमरेच्या मणक्याच्या एका बारीक भागाला ताणाने चीर गेली होती. वाढीच्या वयातल्या वेगवान गोलंदाजांत ही इजा नेहमी आढळते, असे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: "गेल्या चार महिन्यांत याने किती षटके टाकली?"

मला सांगता आले नाही. बळी विचारले असते तर तत्काळ सांगितले असते: ६१.

त्या रात्री वही आणि जमवलेली धावपत्रके घेऊन बसलो. ३८ सामने. १७४ षटके. म्हणजे १०४४ चेंडू, आणि रोजच्या संध्याकाळच्या सरावातले वेगळे. सरावाचा हिशेब कुठेच नव्हता. दोन वर्षांपूर्वी शिकागोच्या मैदानाकडेला बसलेली ती बाई आणि तिचा कळ दाबणारा अंगठा मला आठवला.

मग मी शोधत गेलो. शिक्षकाची खोड, पण या वेळी ती उशिराची होती. १९७४ च्या २५ सप्टेंबर रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील फाटलेला अस्थिबंध, त्याच्याच दुसऱ्या हातातील स्नायुबंध घेऊन, नव्याने बांधला. टॉमी जॉन त्यानंतरही १९८९ पर्यंत खेळला. ही शस्त्रक्रिया पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, आणि हळूहळू ती शाळकरी मुलांवरही होऊ लागली. अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेची पाळी आलेल्या पिचर मुलांची त्यांनी इजा न झालेल्या मुलांशी तुलना केली. वर्षात आठ महिन्यांहून अधिक काळ चेंडू फेकणाऱ्या मुलांत इजेचा संभव पाच पट आढळला. पण हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांत तो ३६ पट आढळला. हा आकडा मी दोनदा वाचला. वेग, उंची, चेंडूचे प्रकार या सगळ्यांहून थकव्यावर केलेली जबरदस्ती मोठी ठरली होती. २०१४ मध्ये तिथल्या व्यावसायिक बेसबॉलने आणि राष्ट्रीय संघटनेने मिळून मुलांसाठी जे मार्गदर्शन काढले, त्यात वर्षाला किमान चार महिने पिचिंगपासून सुटी सांगितली आहे.

क्रिकेटमध्येही ही जाण नव्हती असे नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाज मुलांसाठी घालून दिलेल्या मर्यादेत सोळा वर्षांच्या मुलाला एका दमात सात षटके आणि दिवसाला अठरा, तर तेरा वर्षांखालील मुलाला एका दमात पाच आणि दिवसाला दहा, असा हिशेब होता. पाठ कोणालाच सोडत नाही. जसप्रीत बुमराहच्या दिमतीला तज्ज्ञांचा ताफा होता, तरी पाठीच्या दुखण्यामुळे २०२२ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाला त्याला मुकावे लागले, आणि मार्च २०२३ मधील शस्त्रक्रियेनंतर तो ऑगस्टमध्ये मैदानावर परतला. आमच्या पोराच्या दिमतीला मी होतो.

हे सगळे मला अर्धापुरातच, कोणत्याही संशोधनावाचून शिकता आले असते. आमच्या शेजाऱ्यांची केळीची बाग आहे. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी मी बांधावर उभा होतो आणि ते घडाच्या खालच्या फण्या विळ्याने कापून टाकत होते. लांब लोंबणारे केळफूल आधीच काढलेले होते. चांगल्या दिसणाऱ्या फण्या मातीत पडत होत्या. मला हळहळ वाटली. ते म्हणाले, "गुरुजी, सगळ्या फण्या ठेवल्या तर एकबी भरत नाही बघा. झाडाला किती पेलतंय ते आपणच बघावं लागतं, झाड काय बोलून दाखवतंय का?" मग त्यांनी झाडाला बांबूचा टेकू नीट लावला, कारण मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात आमच्याकडे भरल्या घडाचीच झाडे आधी मोडतात. ते केळीविषयीच बोलत होते. त्यांना मुलाच्या पाठीची गोष्ट ठाऊकही नव्हती.

मुलाला चार महिने धावायची बंदी होती. तो माझ्याशी भांडला असता तर बरे झाले असते. तो भांडला नाही. उलट, "मीच आधी सांगायला हवे होते," असे आईजवळ म्हणाला, आणि ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आले. वास्तविक त्याने सांगितले होते.

१२ ऑगस्टच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे नांदेडला मिस्सेसाठी गेलो. त्या दिवशीचे पहिले वाचन एलिया संदेष्ट्याचे होते. हा वाचकांच्या परिचयाचा प्रसंग आहे. मोठा विजय मिळवलेला एलिया जिवाच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, मला मरण येऊ दे, असे परमेश्वराला म्हणतो. मी हा उतारा जन्मभर ऐकत आलो आहे. त्यात देवदूत काय करतो, याकडे त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष गेले. तो एलियाला रागावत नाही. तुझ्या श्रद्धेचे काय झाले, असे विचारत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवतो, आणि खाऊन झाल्यावर एलिया पुन्हा झोपतो तेव्हा त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला घालतो. पुढची वाट याला झेपणारी नाही, हे देवदूताने ओळखलेले असते. एलियाला ते सांगावे लागत नाही. फादरांचे प्रवचन त्या दिवशी वेगळ्याच विषयावर होते. मी बाकावर मुलाच्या शेजारी बसलो होतो. गुडघे टेकायच्या वेळी तो बसून राहिला. त्याला टेकता येत नव्हते.

आपण प्रभूच्या माणसांनीच मुलांना संत पौलाची शर्यत आणि बक्षीस फार ऐकवले आहे. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असेही सांगतो. ते मात्र आपण क्रीडादिनाच्या भाषणात वापरत नाही. त्याच वर्षी १ जून रोजी व्हॅटिकनने खेळाविषयी एक सविस्तर पत्रक प्रसिद्ध केले. खेळात आपले सर्वोत्तम द्यावे, असे त्याचे शीर्षक सांगते. वर्षभर आधी ते हाती पडले असते, तरी मी शीर्षकच तेवढे वाचून थांबलो असतो, अशी मला शंका आहे.

मोजून खेळवले म्हणजे सगळे ठीक होते, असेही मला म्हणायचे नाही. वॉशिंग्टनच्या स्टीफन स्ट्रासबर्गची गोष्ट बेसबॉलवाले अजून हिरिरीने भांडत सांगतात. २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने चौदा फलंदाज टिपले. त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये त्याचा संघ अजिंक्यपदाच्या दिशेने चालला होता, आणि संघचालकांनी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच त्याला थांबवले. त्याचा हंगाम १५९ डाव आणि एक बाद यावर संपला. तो खेळायला तयार होता, रागावलाही होता. त्याच्यावाचून संघ बाद फेरीत हरला आणि व्यवस्थापनाला लोकांनी भित्रे म्हटले. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला स्ट्रासबर्ग. म्हणजे निर्णय बरोबर होता? पण त्यानंतर इजांनी तो जेमतेम आठ सामने खेळू शकला आणि त्याची कारकीर्द संपली. काहीजण म्हणतात, मग २०१२ मध्ये राखून काय मिळवले? मी या वादात संघचालकांच्या बाजूचा आहे. चोवीस वर्षांचा मुलगा स्वतःहून 'पुरे' म्हणणार नाही. तो म्हणणार नाही म्हणूनच दुसऱ्या कुणीतरी शिव्या खाऊन म्हणायला हवे.

याच ठिकाणी कोणीतरी सचिन तेंडुलकरचे नाव काढतो. आचरेकर सरांच्या हाताखाली पहिल्याच उन्हाळ्यात साठ दिवसांत पंचावन्न सामने खेळल्याचे सचिनने आत्मचरित्रात सांगितले आहे. खरे आहे. पण तो फलंदाज होता. आणि सचिन सोडून त्या साठ दिवसांत दमलेल्या मुलांची आत्मचरित्रे कोणी लिहिली नाहीत. मला आमच्याच मराठवाड्यातल्या अविनाश साबळेचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा मुलगा सैन्यात भरती झाला, सियाचीनला राहिला आणि विशी ओलांडल्यावर धावण्याकडे वळला. त्याला कोणी सोळाव्या वर्षी पिळून काढले नव्हते. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला तो प्राथमिक फेरीतच मागे पडला, तेव्हा तो संपला असे कट्ट्यावरचे लोक म्हणाले. मीही मान डोलावली असती, पण तोवर शहाणा झालो होतो. १ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले.

मुलगा बरा झाला. पहिल्यासारखा वेग आला नाही. बारावीनंतर तो पुण्याला शिकला आणि तिथेच नोकरीला लागला. रविवारी सकाळी लवकर मिस्सेला जाऊन मग कार्यालयातल्या संघाकडून खेळतो. मला त्याचे सामने पाहायला जावेसे वाटते. पण त्याने बोलावलेले नाही आणि मी विचारलेले नाही.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. आधी आईशी बोलला, मग माझ्याशी. कब्सचे काय चालले आहे, असे त्याने विचारले; मी सांगितले, की एक नवा पोरगा दमलेला दिसतो आहे. मग मी विचारले, "आज सामना होता ना?"

"होता. हरलो."

"तू किती टाकलीस?"

"चार षटके. पाचवे द्यायला कर्णधार आला होता, मी नको म्हणालो."

"मग?"

"मग काही नाही, बाबा. चेंडू दुसऱ्याला दिला आणि लाँग-ऑनला जाऊन उभा राहिलो."